दिव्यांग मुलांच्या संस्थेचा पहिला अनुदान प्रस्ताव : सातारा-सांगलीतील नव्या कार्यकर्त्यांसाठी

विटा, तासगाव, कराड, फलटण अशा गावांतून दिव्यांग मुलांसाठी नव्याने केंद्र सुरू करणारी मंडळी आमच्या सांगलीच्या संस्थेत भेटायला येतात, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : अनुदानाचा अर्ज कुठे मिळतो? मी संस्थेची सचिव असल्याने दप्तर माझ्याकडे असते, आणि म्हणून मी त्यांना उलट विचारते, की मुलांचा हजेरीपट सोबत आणला आहे का. बहुतेक वेळा तो आणलेला नसतो, पुष्कळदा तो ठेवलेलाच नसतो. मुले येत असतात, आया बाहेर ओट्यावर बसून असतात, एखाद्या निवृत्त बाई मोबदला न घेता शिकवत असतात. काम खरोखर चाललेले असते. परंतु ते झाल्याची नोंद नसते, आणि पैसे देणारा, मग तो सरकार असो, कंपनी असो की पेठेतली पतसंस्था असो, आधी नोंद पाहतो आणि मग मुलांकडे वळतो. त्यामुळे या लेखात प्रत्यक्ष अर्जाची पाळी बरीच उशिरा येईल.

पहिली पायरी : संस्था कागदावर नीट उभी करणे

आपल्याकडे बहुतेक संस्थांची नोंदणी दुहेरी असते. एक संस्था नोंदणी अधिनियम १८६० खाली आणि दुसरी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खाली. दोन्ही धर्मादाय कार्यालयातच होतात. केवळ न्यास स्थापन करायचा असेल तर दुसरी नोंदणी पुरते. कंपनी अधिनियम २०१३ च्या कलम ८ खालील ना-नफा कंपनी हाही एक मार्ग आहे, पण तिचे वार्षिक सोपस्कार आणि त्यांवरचा खर्च लहान केंद्राला झेपत नाही असे माझे मत आहे.

संस्थेच्या घटनेतील उद्देश लिहिताना घाई करू नये. ‘शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक, क्रीडाविषयक व कृषिविषयक कार्य करणे’ असा सर्वसमावेशक मसुदा लिहून देण्याची पद्धत आहे. पण दिव्यांग बालकांचे शीघ्र निदान, विशेष शिक्षण, उपचार, व्यवसाय प्रशिक्षण आणि पुनर्वसन हे शब्द त्यात स्पष्टपणे नसतील, तर पुढे प्रत्येक देणगीदाराला आपण हे काम का करतो आहोत ते वेगळे समजावत बसावे लागते.

विश्वस्त मंडळात बदल झाला की ९० दिवसांच्या आत फेरफार अहवाल दाखल करावा लागतो. ही बाब किरकोळ वाटते आणि तिथेच पाय घसरतो. आमचे एक विश्वस्त वारले, त्यांच्या जागी दुसरे आले, ठरावही झाला, पण फेरफार अहवाल दाखल करणे माझ्याकडून राहून गेले. सव्वा वर्षाने एका प्रस्तावासोबत परिशिष्ट १ चा, म्हणजे विश्वस्तांची नावे असलेल्या धर्मादाय नोंदवहीचा, उतारा जोडला, तर त्यावर दिवंगत विश्वस्तांचे नाव आणि प्रस्तावावर नव्या विश्वस्तांची सही. प्रस्ताव त्रुटीत निघाला आणि ते आर्थिक वर्ष हातचे गेले. चूक सर्वस्वी माझी होती.

यानंतर संस्थेचे पॅन कार्ड, दोन सह्यांनी चालणारे बँक खाते आणि प्राप्तिकर खात्याकडील दोन नोंदण्या घ्याव्यात. देणगीच्या जगात त्या ‘१२ए’ आणि ‘८०जी’ याच नावांनी ओळखल्या जातात : पहिलीमुळे संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत मिळते, दुसरीमुळे देणगीदाराला. नव्या संस्थेला आधी तीन वर्षांची तात्पुरती नोंदणी मिळते आणि ती संपण्याच्या किमान सहा महिने आधी, किंवा प्रत्यक्ष काम सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत, यांपैकी जे आधी येईल तेव्हा, नियमित नोंदणीसाठी अर्ज करावा लागतो. ही मुदत ज्यांनी चुकवली त्यांना पुढे फार धावपळ करावी लागते. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर अधिनियम २०२५ लागू होत असल्यामुळे कलमांचे आणि नमुन्यांचे क्रमांक बदलतात. तेव्हा सीएकडे जाताना जुने क्रमांक सांगून नव्हे, तर कोणती नोंदणी हवी ते सांगून बोलावे.

‘एनजीओ दर्पण’ या स्वयंसेवी संस्थांसाठीच्या सरकारी पोर्टलवर नोंदणी करून संस्थेचा क्रमांक घ्यावा. केंद्र सरकारच्या अनुदानासाठी तो लागतोच. येथे एक बारीक गोष्ट सांभाळावी लागते. धर्मादाय कार्यालयाचा दाखला मराठीत असतो, पॅन कार्ड रोमन लिपीत, आणि ‘प्रतिष्ठान’ हा शब्द पॅनवर एका पद्धतीने, बँकेत दुसऱ्या आणि दर्पणवर तिसऱ्या पद्धतीने लिहिलेला आढळतो. एका अक्षराच्या फरकावरून पोर्टल पुढे सरकत नाही. म्हणून नावाचे रोमन स्पेलिंग ठरावात लिहून ठेवावे आणि सगळीकडे तेच वापरावे.

दुसरी पायरी : दिव्यांगांची संस्था म्हणून नोंदणी

धर्मादाय नोंदणी झाली म्हणजे दिव्यांग मुलांचे केंद्र चालवण्याचा परवाना मिळाला, असा समज सर्रास आढळतो आणि तो चुकीचा आहे. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम २०१६ च्या कलम ५० नुसार दिव्यांगांसाठीची संस्था नोंदणी प्रमाणपत्राशिवाय चालवता येत नाही. कलम ५१ मध्ये अर्जाची रीत दिलेली असून त्यावर ९० दिवसांत निर्णय अपेक्षित आहे. महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याण हा स्वतंत्र विभाग झाला. आयुक्तालय पुण्याला आहे. जिल्ह्याच्या पातळीवर हे काम वर्षानुवर्षे जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागातून चालत आले, पण स्वतंत्र विभाग झाल्यापासून रचना बदलत आहे, तेव्हा कागद नेमके कोणत्या टेबलावर द्यायचे हे आधी विचारून घ्यावे आणि आवक शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय परत येऊ नये.

सुरुवातीलाच निवासी केंद्र काढू नये, असे मी आग्रहाने सांगेन. माण, जत, पाटणच्या दुर्गम वाड्यांवरील पालक ‘मुलाला ठेवूनच घ्या’ म्हणतात आणि त्यांची अडचण खरी असते. पण रात्रीची काळजीवाहक, स्वयंपाक, आजारपण, सुरक्षितता यांची जबाबदारी वेगळीच असते, आणि काळजी व संरक्षणाची गरज असलेली बालके निवासी ठेवायची असतील तर बाल न्याय अधिनियम २०१५ खालची नोंदणीही लागते. दिवसाचे केंद्र तीन वर्षे नीट चालवलेले असले, की निवासी कामाच्या प्रस्तावालाही वजन येते.

विशेष शिक्षक आणि उपचारतज्ज्ञ नेमताना त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडील नोंदणी, म्हणजे कार्यकर्ते ज्याला आरसीआय क्रमांक म्हणतात, ती चालू आहे ना, हे प्रमाणपत्रावरील मुदत पाहून तपासावे. मुदत संपलेले प्रमाणपत्र जोडलेला प्रस्ताव हमखास परत येतो.

तिसरी पायरी : प्रत्येक मुलाची स्वतंत्र फाईल

माझ्या अनुभवात अनुदान मिळणे न मिळणे सर्वांत जास्त या पायरीवर ठरते.

फाईलमध्ये जन्मदाखला, आधार, पालकांचा पत्ता आणि दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असावे. हे प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांग व्यक्तीचे ओळखपत्र, स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून, सांगलीत वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालयात किंवा साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालयात तपासणी झाल्यावर मिळते. २०१६ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि बहुतेक योजनांचा लाभ ४० टक्के वा त्याहून अधिक दिव्यांगत्वाशी जोडलेला आहे. लहान बाळांच्या बाबतीत प्रमाणपत्राची वाट पाहत कामाला उशीर करू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांतून आणि शाळांतून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतात. त्यांच्या तपासणीचा कागद, तसेच जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राने दिलेली चिठ्ठी, ही फाईलमधली महत्त्वाची पाने आहेत.

त्यापुढचा भाग म्हणजे मुलाची वैयक्तिक योजना आणि तिची नोंद. पुष्कळ केंद्रांत ही नोंद ‘प्रगती समाधानकारक’ एवढ्या दोन शब्दांत उरकलेली असते. नोंद कशी असावी याचा एक नमुना देते. सेरेब्रल पाल्सी असलेली नऊ वर्षांची मुलगी आहे असे समजू. जूनची नोंद : ‘चमचा हातात दिला तर धरते, तोंडापर्यंत नेत नाही. आई भरवते. जेवायला ५० मिनिटे.’ ऑगस्टची : ‘मुठीला कापड गुंडाळून जाड केलेला चमचा दिला. ताटलीखाली ओले फडके, त्यामुळे ताटली सरकत नाही. दहा घासांतले दोन स्वतः.’ नोव्हेंबरची : ‘दहातले सहा घास स्वतः. वरणभात सांडतो, मऊ खिचडी सांडत नाही. जेवायला ३५ मिनिटे. आईने घरी तसाच चमचा केला.’ या तीन नोंदींत आकडे आहेत, उपाय आहे आणि घरी काय बदलले तेही आहे. कंपनीच्या अधिकाऱ्याला पुनर्वसनशास्त्र ठाऊक नसले तरी हे समजते. उद्या अहवाल लिहिताना बसून काही रचावे लागत नाही, नोंदी उतरवून घेतल्या की अहवाल होतो.

ऊसतोड कामगारांची मुले हा आपल्या भागातला वेगळा प्रश्न आहे. दिवाळीच्या सुमारास टोळ्या येतात आणि गळीत हंगाम संपला की जातात. अशा मुलांना ‘गळती’ म्हणून पटावरून कमी करू नये. त्यांच्यासाठी वेगळे पान ठेवून हंगामापुरती योजना लिहावी आणि जाताना पालकांच्या हाती फाईलची झेरॉक्स द्यावी. प्रस्तावातही हा गट वेगळा दाखवावा, नाहीतर जानेवारीत ३० आणि एप्रिलमध्ये २२ मुले का, याचे उत्तर तपासणीला आलेल्या माणसासमोर देता येत नाही.

फाईली तळमजल्यावर लोखंडी कपाटात ठेवल्या की सुरक्षित, असे आम्हाला वाटत होते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी शिरले आणि कपाट उघडले तेव्हा चार वर्षांची पाने एकमेकांना चिकटून लगदा झाली होती. आम्ही ती दोरीवर वाळत घातली; शाई उडाली ती उडालीच. तेव्हापासून दर शनिवारी आठवड्याची पाने मोबाईलवर स्कॅन करून दोन ठिकाणी ठेवतो. नदीकाठच्या संस्थांनी हे पहिल्या दिवसापासून करावे.

चौथी पायरी : कोणते दार केव्हा ठोठवायचे

संस्थेच्या वयाप्रमाणे दार निवडावे. पहिल्या वर्षी केंद्र सरकारचे अनुदान मागायला जाणे म्हणजे वेळ वाया घालवणे होय.

पहिली दोन वर्षे जवळच्या पैशांची समजावीत. ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिका आणि जिल्हा परिषद यांनी स्वनिधीतील ५ टक्के रक्कम दिव्यांगांच्या कल्याणासाठी राखून ठेवायची असते. ती बहुधा वैयक्तिक लाभाच्या रूपाने वाटली जाते, त्यामुळे संस्थेला थेट पैसे मिळतीलच असे नाही. पण मुलांना साहित्य, उपचार किंवा प्रवास यासाठी मदत मिळवून देता येते, आणि ग्रामसभेत विषय मांडून तो ठरावात आणता येतो. समग्र शिक्षा अभियानातून शाळेत जाणाऱ्या विशेष गरजा असलेल्या मुलांना साहित्य आणि विशेष शिक्षक मिळतात. साहाय्यक साधनांसाठीच्या केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून अलिम्को या सरकारी कंपनीची साधने मिळतात. जे सरकारकडून वस्तूच्या रूपात मिळते त्यासाठी देणगीदाराकडे पैसे मागू नयेत. मात्र त्या वस्तूच्या पुढचा खर्च मागावा. श्रवणयंत्र फुकट मिळते, पण बॅटरी दर थोड्या दिवसांनी लागते, आणि मूल वाढले की कानातला साचा सैल होऊन यंत्र शिटी मारू लागते, मग नवा साचा करावा लागतो. असा खर्च कुठल्याच योजनेत नीट बसत नाही, आणि लायन्स किंवा रोटरी क्लबला तो सहज पटतो.

साखर कारखान्यांबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. ‘कारखान्याचा सीएसआर मागू’ असे नवे कार्यकर्ते म्हणतात. सीएसआरची, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामावर करायच्या खर्चाची, तरतूद कंपनी अधिनियम २०१३ च्या कलम १३५ मध्ये आहे आणि ती कंपन्यांना लागू होते; सहकारी कारखाना सहकार कायद्याखाली नोंदलेला असतो, त्याला हे कलम लागत नाही. सहकारी संस्थांना नफ्यातून धर्मादाय कामासाठी रक्कम काढता येते, पण त्याचा मार्ग संचालक मंडळ आणि वार्षिक सभा यांच्यातून जातो. म्हणून कारखाना, दूध संघ किंवा पतसंस्था यांच्याकडे जाताना त्या संस्थेच्या सभासदांपैकी कोणाची मुले आपल्या केंद्रात येतात याची यादी सोबत न्यावी. ज्या सभासदाचा नातू केंद्रात येतो तो सभासदच सभेत आपला विषय काढतो.

तिसऱ्या वर्षानंतर कंपन्यांकडे जावे. निव्वळ मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये यांपैकी एक जरी मर्यादा गाठली, तरी त्या कंपनीला आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. कायद्याच्या सातव्या अनुसूचीत विशेष शिक्षण आणि दिव्यांगांचे व्यवसाय कौशल्य यांचा उल्लेख आहे, त्यामुळे आपला विषय बसतो की नाही ही शंका नको. आपल्याकडे मात्र १२ए आणि ८०जी, सीएसआर-१ नमुन्याखालचा नोंदणी क्रमांक आणि तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव हवा. कायदा कंपनीच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यायला सांगतो, म्हणून शिरवळ, सातारा, कुपवाड, मिरज या औद्योगिक वसाहतींतील आणि किर्लोस्करवाडीसारख्या ठिकाणच्या कारखान्यांची यादी करून, त्यांच्या वार्षिक अहवालातील सीएसआरचे पान वाचूनच भेटीला जावे. ज्यांनी आजवर फक्त झाडे लावली त्यांच्याकडे शेवटी जावे. अझीम प्रेमजी फाउंडेशन किंवा टाटा ट्रस्ट्स यांसारख्या मोठ्या देणगीदारांकडे जाण्यापूर्वी एकदोन लहान अनुदाने चोख हिशेबासह पूर्ण केलेली असावीत.

स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असलेल्या मुलांसाठी काम असेल, तर १९९९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासाकडे नोंदणी करावी. न्यासाची शीघ्र हस्तक्षेप आणि मोठ्या मुलांचे दिवसभराचे केंद्र या दोन्हींसाठी ‘दिशा-कम-विकास’ ही एकत्रित योजना आहे. ‘निरामय’ ही आरोग्य विमा योजना वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांसाठी असून तीत नियमित थेरपीचाही खर्च येतो. निरामयचा पैसा संस्थेच्या खात्यात येत नाही, तरीही आपल्या सर्व मुलांची नावे तीत घालण्याचे काम मी अनुदानाइतकेच महत्त्वाचे मानते, कारण थेरपीचा खर्च घरावर पडला की मूल केंद्रात येणेच थांबते.

दीनदयाळ दिव्यांग पुनर्वास योजना हे केंद्र सरकारचे मुख्य अनुदान होय. शीघ्र हस्तक्षेप केंद्र, बौद्धिक अक्षम, कर्णबधिर वा अंध मुलांची विशेष शाळा, सेरेब्रल पाल्सीच्या मुलांचे प्रकल्प, घरपोच पुनर्वसन असे ठरावीक नमुना प्रकल्प तीत दिलेले आहेत. मान्य खर्चाच्या ९० टक्क्यांपर्यंत रक्कम मिळू शकते. उरलेला वाटा संस्थेचा. अर्ज ई-अनुदान पोर्टलवर होतो आणि जिल्ह्याच्या तपासणीनंतर राज्याच्या शिफारशीने पुढे जातो. या साखळीत वेळ जातो. पैसे बहुधा खर्च झाल्यानंतर हाती येतात, म्हणून किमान सहा महिन्यांचे पगार अन्य मार्गाने देता येतील अशी सोय असल्याशिवाय या योजनेच्या भरवशावर माणसे नेमू नयेत.

परदेशी देणगी तूर्त विसरावी. विदेशी अंशदान कायद्याखालील नोंदणीसाठी संस्था तीन वर्षांची असावी लागते, त्या तीन वर्षांत मूळ कामावर किमान १५ लाख रुपये खर्च झालेले असावे लागतात आणि खाते दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच उघडावे लागते. सिंगापूरला असलेल्या भाच्याने परदेशी मित्राकडून संस्थेच्या साध्या खात्यात पाठवलेले पैसेही अडचणीत आणू शकतात.

याच टप्प्यावर ‘मंजूर करून आणतो, इतके टक्के द्या’ म्हणणारे लोक भेटतात. सीएला किंवा प्रस्ताव लिहून देणाऱ्याला ठरलेली फी देणे वेगळे आणि मंजुरीवर टक्का देणे वेगळे. अशा माणसाला दारातूनच परत पाठवावे.

पाचवी पायरी : अंदाजपत्रक

अंदाजपत्रक नेहमी मुलाच्या दिवसापासून मांडत यावे. मूल घरून कसे निघते, केंद्रात कोण त्याला उतरवून घेते, कोण शिकवते, दुपारी काय खाते, परत कसे जाते, या क्रमाने खर्च लिहिला तर काही सुटत नाही. नव्यांच्या अंदाजपत्रकात हमखास सुटणारी गोष्ट म्हणजे प्रवास. एसटीत दिव्यांगांना ७५ टक्के सवलत असली तरी चाकाच्या खुर्चीसह मुलाला एसटीत चढवणे आईला एकटीला जमत नाही, आणि वडापवाला खुर्ची पाहून पुढे निघून जातो. रिक्षा बंद झाली की हजेरी निम्म्यावर येते, हे आम्ही पाहिले आहे.

उदाहरणादाखल २४ मुलांचे केंद्र घेऊ. दर आपापल्या गावचे घालावेत. दोन रिक्षा, दरमहा प्रत्येकी १२,००० रुपये, ११ महिने : २,६४,०००. दोन विशेष शिक्षक, दरमहा प्रत्येकी १८,०००, १२ महिने : ४,३२,०००. फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून तीन भेटी, भेटीला ५००, ४८ आठवडे : ७२,०००. स्थानिक सुताराकडून करून घेतलेल्या, मापाच्या चार बैठक-खुर्च्या, प्रत्येकी ६,५०० : २६,०००. एकूण ७,९४,००० रुपये, म्हणजे मुलामागे वर्षाला सुमारे ३३,१०० आणि महिन्याला सुमारे २,७६०. हा शेवटचा आकडा प्रस्तावाच्या पहिल्या पानावर लिहावा. पूर्ण रक्कम ज्याला झेपत नाही तो देणगीदार निदान तीन मुलांचा खर्च उचलतो.

पगाराबाबत स्पष्ट बोलायला हवे. कागदावर १८,००० दाखवून हातात ९,००० देणे आणि बाकीचे ‘संस्थेला देणगी’ म्हणून परत घेणे हा प्रकार चालतो, आणि तो फसवणुकीचाच आहे. जेवढे देता येते तेवढेच लिहावे आणि ते बँकेतूनच द्यावे. कमी पगारात कमी तासांचा शिक्षक दाखवणे प्रामाणिक असते आणि ते समजावून सांगता येते.

प्रत्येक खरेदीसाठी तीन दरपत्रके आणि तुलनात्मक तक्ता जोडावा. व्यवस्थापन खर्च शून्य दाखवू नये. भाडे, वीज, हिशेबनीस आणि लेखापरीक्षण यांना पैसे लागतातच, आणि शून्य पाहून जाणकार देणगीदार उलट सावध होतो.

सहावी पायरी : प्रस्तावाचा मजकूर

‘दिव्यांग बालकांना समाजाच्या मुख्य प्रवाहात आणून त्यांचा सर्वांगीण विकास साधणे’ हे वाक्य मी एका बैठकीत सात प्रस्तावांतून ऐकले आहे. त्याऐवजी असे लिहावे : ‘कवठेमहांकाळ तालुक्यातील ११ गावांत आम्ही घरोघर जाऊन ३८ मुलांची नोंद केली; त्यांपैकी १४ मुले कोणत्याही शाळेत वा केंद्रात जात नाहीत, आणि त्यांतील नऊ जणांना बसण्यासाठी आधार लागतो.’ गावे आणि आकडे अर्थात तुमचे, प्रत्यक्ष मोजलेले हवेत. त्यानंतर वर्षअखेर काय बदललेले दिसेल हे तीनचार मोजता येणाऱ्या गोष्टींत सांगावे. ‘सर्व मुले स्वावलंबी होतील’ असे लिहून स्वतःला अडकवून घेऊ नये.

एकच प्रस्ताव नाव बदलून सगळीकडे पाठवू नये. मी एकदा घाईत दुसऱ्याच कंपनीचे नाव पत्राच्या तिसऱ्या परिच्छेदात तसेच ठेवले होते. त्या पत्राला उत्तर आले नाही, आणि यायलाही नको होते. पुण्या-मुंबईच्या कार्यालयांसाठी दोन पानी इंग्रजी सारांश जोडावा, पण मूळ प्रस्ताव मराठीत नीट लिहिला असेल तरच तो सारांश चांगला होतो.

मुलांची छायाचित्रे पालकांच्या लेखी संमतीशिवाय देऊ नयेत. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यानेही मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक ठरवली आहे. लाळ गळत असलेल्या, केविलवाण्या चेहऱ्याच्या फोटोवर मिळणारे पैसे मुलाच्या अब्रूतून वसूल होतात. मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पॉक्सो कायदा लक्षात घेऊन केलेले लेखी बालसंरक्षण धोरण आणि कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी सोबत असावी.

सातवी पायरी : भेट

भेटीला येणारा माणूस पहिल्यांदा दारातला चढ पाहतो. रॅम्पचा उतार एकास बारा असावा, म्हणजे जोते दीड फूट उंच असेल तर रॅम्प अठरा फूट लांब लागतो. जागा नाही म्हणून सहा फुटांत उरकलेला रॅम्प मोटारसायकल चढवायला ठीक असतो, खुर्चीसाठी तो धोक्याचा आहे. स्वच्छतागृहाचा उंबरा आणि आतला पकडायचा दांडा हे दुसरे ठिकाण. मुलांना नवीन कपडे घालून स्वागतगीत म्हणायला उभे करू नये. रोजचे वेळापत्रक चालू ठेवावे आणि दोनतीन पालकांना बोलायला सांगावे. पाहुण्याने एखादी फाईल मागितली तर कोणतीही फाईल काढून देता आली पाहिजे.

आठवी पायरी : पैसे आल्यानंतर

मंजुरीपत्रातल्या अटी कार्यकारिणीत वाचून ठराव करावा. सरकारी अनुदानाचा हिशेब वेगळा ठेवावा. केंद्राच्या योजनांत खर्च पीएफएमएस या सरकारी ऑनलाइन हिशेब प्रणालीतून दाखवावा लागतो आणि अनुदानावर मिळालेले व्याजही संस्थेचे समजले जात नाही. घेतलेली प्रत्येक वस्तू जडवस्तू नोंदवहीत चढवावी आणि वस्तूवर रंगाने क्रमांक घालावा. मुख्य बाब सोडून दुसरीकडे पैसे वळवायचे असतील, उदाहरणार्थ रिक्षाच्या पैशांतून खुर्च्या घ्यायच्या असतील, तर आधी लेखी परवानगी मागावी. मागितली तर बहुतेक देणगीदार ती देतात. न विचारता केलेला बदल मात्र लेखापरीक्षणात डोके वर काढतो. ८०जीची पावती दिलेल्या देणग्यांचे विवरण पुढील ३१ मेपर्यंत प्राप्तिकर खात्याकडे भरावे लागते, तरच देणगीदाराला त्याचे प्रमाणपत्र देता येते. दोन हजार रुपयांवरील रोख देणगीला ही सवलत मिळत नाही, हे पावती फाडण्यापूर्वीच सांगावे.

प्रस्ताव नाकारला गेला तर कारण लेखी मागावे, आणि त्रुटीपत्र आले तर त्यातील प्रत्येक मुद्द्याला त्याच क्रमाने, त्याच क्रमांकाने उत्तर द्यावे. एकच दाखला तिसऱ्यांदा मागितला तरी वाद न घालता तिसऱ्यांदा द्यावा आणि आधीच्या दोन आवक क्रमांकांचा उल्लेख करावा.

मार्चअखेरीस एक प्रसंग हमखास येतो. वर्षभर वाट पाहिलेली रक्कम २८ किंवा २९ मार्चला खात्यात जमा होते, आणि हिशेब ३१ला बंद करायचा असतो. अशा वेळी जुन्या तारखेची बिले गोळा करायला कोणी सुचवले तरी ऐकू नये. त्याच दिवशी कार्यकारिणीची सभा बोलवावी, रक्कम जमा झाल्याची तारीख इतिवृत्तात लिहावी, अखर्चित रक्कम पुढील वर्षी त्याच बाबींवर खर्च करण्याची परवानगी मागणारे पत्र ३१ तारखेच्या आत संबंधित कार्यालयात द्यावे आणि पोच फाईलला लावावी.